शनिवारची कामठीवाली

मिलिंदला आम्ही बांधून ठेवत होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण ते लपवून पुढचं सांगितलं तर त्याला काही अर्थ राहणार नाही. माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी, त्याच्या कमरेभोवती, दुसरं टोक खिडकीच्या गजाला. पट्टी मऊ होती आणि खाटेपर्यंत पोचेल एवढी लांब होती. तरी बांधलेलं ते बांधलेलंच. मी साडेनऊला सदर भागातल्या कचेरीत जायला निघे, त्याचे बाबा पोस्टात पाळीवर, घरी सासूबाई एकट्या आणि त्यांचे गुडघे गेलेले. इंदोऱ्यातलं आमचं घर कामठी रोडपासून चार घरं आत. दोनदा तो ट्रकच्या तोंडातून वाचला होता. "पोट्टं नाही वं हे, भिंगरी हाये," सासूबाई म्हणत आणि मी बाहेर पडले की गाठ मारत. मला ठाऊक होतं. मी पाठ फिरवून चपला घालत असे.

सात वर्षांच्या मुलाला तोवर दोन शाळांनी दाखला देऊन घरी पाठवलं होतं. तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं, "सहामाहीपर्यंत पाहतो. तोवर वर्गात बसायला शिकला तर ठीक, नाहीतर तुम्हीच घेऊन जा." आमच्या आवाक्यातली चौथी शाळा नव्हती. शाळा गेली की दिवसभर खिडकी.

आणि मी कोण, तर आमच्या गल्लीतली पहिली बी.ए. वडील मालधक्क्यावर हमाल होते. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी घरात जाहीर केलं की आता पोरगीसुद्धा शिकेल, आणि मी शिकले; सकाळचं कॉलेज, दुपारी शिकवण्या. गल्लीतल्या नळाचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, कोणाच्या पेन्शनची तक्रार, सगळं माझ्या अक्षरात. लोक उभं राहून माझं लिहून व्हायची वाट पाहत. अशा बाईचं पोर गजाला बांधलेलं.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम नवीन आल्या होत्या, बंगलोरकडे शिकलेल्या. त्यांनी मिलिंदला तासभर पाहिलं आणि 'हायपरकायनेटिक' असा शब्द कागदावर लिहिला. म्हणाल्या, मूल वाईट नाही, वेडं नाही, त्याच्या अंगातला लगाम उशिरा तयार होतोय. औषधाने थोडं होईल. बाकीचं तुम्हाला शिकावं लागेल. दर शनिवारी दुपारी पालकवर्ग आहे, तिथे या.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पोराच्या आजारासाठी मी वर्गात बसायचं? पण गेले.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. बाकांवर दहा-अकरा बाया आणि खाली सतरंजीवर भिंतीला टेकून एक चाळिशीची काळीसावळी बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात सुताचा गुंता. मॅडम अजून यायच्या होत्या. मिलिंदने आत येताच एक बाक आडवा केला आणि खोलीला फेऱ्या मारायला सुरुवात केली. मी सवयीप्रमाणे मागे धावले. "मिलिंद, थांब, बाक उचल, चप्पल काढ, बाईंना नमस्कार कर, ऐकतोस की नाही?"

ती बाई उठली नाही. सतरंजीवरच सरकत त्याच्या वाटेत आली, त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर येईल अशी बसली आणि म्हणाली, "चप्पल बाहेर ठेव." आणि गप्प झाली. अंगठ्याने बोटांची पेरं मोजत राहिली. मिलिंद तिला वळसा घालून गेला, परत आला, पुन्हा गेला. ती त्याच्याकडे बघत होती, बस. तिसऱ्या फेरीला त्याने चपला काढल्या आणि दाराबाहेर फेकल्या. "चप्पल बाहेर ठेवली," ती म्हणाली. शाबास नाही, गुणाचा बाळ नाही, काही नाही. जे झालं ते बोलून दाखवलं. माझ्या मुलाने तिच्याकडे पाहून दात काढले.

मी त्याला चप्पल बाहेर ठेवायला किमान हजारदा सांगितलं असेल. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हिच्या हातातला गुंता घ्यावा आणि आणखी गुंतवून परत द्यावा.

ती कामठीहून बसने येई, म्हणून सगळ्या तिला कामठीवाली मावशी म्हणत. नवरा हातमागावर, ती घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचा थोरला मुलगा असाच होता; मॅडमकडे पहिल्यांदा आलेल्या बायांपैकी ती एक. आता मॅडमनी तिला वर्गात मदतनीस म्हणून बसवलं होतं. शिक्षण काही नाही. अंगठा. मॅडम बंगलोरची पुस्तकं वाचून जे सांगत, ते ही एका वाक्यात सांगायची आणि बाया तेच घरी घेऊन जायच्या.

तिचं मुख्य म्हणणं असं की सांगायचं ते एक सांगायचं. पहिल्याच दिवशी तिने मला धरलं. "बीए बाई, तू मघाशी किती सांगितलं त्याले, मोजलं का? थांब, उचल, काढ, कर. चार झाले. अवं, या पोट्ट्यांच्या डोक्यात एकच खाट राहते. तिच्यावर चौघं कसे झोपतीन?"

मी म्हटलं, "आमचा मिलिंद हुशार आहे. त्याला सगळं लक्षात राहतं."

"हुशार हायेच नं. खाट एक हाये म्हून घर गरीब थोडीच हाये."

बाया हसल्या. मॅडम तोवर आत आल्या होत्या. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं. गल्लीत मी लिहायची, लोक सांगायचे.

'बीए बाई' हे नाव तिथून पडलं. ती कुजकं बोलायची असं नाही, पण तिला सगळ्यांना नावं ठेवायची खोड होती. एका मारवाडी बाईला ती 'हळू' म्हणायची, कारण ती सगळं घाईने करी. बाप लोक वर्गाला येत नसत, त्यावर तर तिचं ठरलेलं होतं. कोणी नवी बाई एकटी आली की विचारायची, "काहून वं, हे पोट्टं तू एकटीनंच पैदा केलं का?" मॅडम लाजून खिडकीबाहेर बघत. पण पुढच्या शनिवारी दोन-तीन नवरे दाराशी टोपी चाचपत उभे असत. मिलिंदचे बाबाही आले. आले आणि तिचे झाले. घरी मी मिलिंदला दोन गोष्टी एकदम सांगितल्या की ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "खाट एकच आहे." घरात आम्ही चौघं होतो, ती पाचवी येऊन बसली.

आणखी एक गोष्ट तिने पकडली. मी मिलिंदशी ठरवून शुद्ध बोलत असे. सासूबाईंशी, नवऱ्याशी आमची बोली. मुलाशी मात्र पुस्तकातली भाषा, कारण त्याने माझ्यासारखं कॉलेजात पहिल्या दिवशी तोंड उघडायला घाबरू नये. ती म्हणाली, "पोट्ट्यासंग अर्ज लिहिल्यासारखी बोलते तू. त्याले वाटत असन, आईले माह्याकडून काही मंजूर करून घ्याचं हाये." मी त्या दिवशी बसमध्ये रडले. रात्री त्याला जेवायला बोलावताना सहज तोंडातून गेलं, "ये बाप्पा, जेवून घे." तो आला. तेही तिच्या खात्यावर गेलं.

मॅडमनी घरचा अभ्यास दिला होता. रोज मुलाने जे नीट केलं ते लिहायचं, चुका लिहायच्या नाहीत. मी कचेरीतून बाद रजिस्टर आणलं आणि रकाने आखले. तारीख, वेळ, कृती, शेरा. पहिल्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात मी 'समाधानकारक', 'सुधारणेस वाव', आणि एकदा 'ताकीद देण्यात आली' असं लिहिलं होतं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "अक्षर फार सुरेख आहे." कामठीवालीला लिहिता येत नव्हतं. ती मागावरच्या सुताचा एक दोरा दाराच्या खिळ्याला लटकवायची आणि मुलाने काही चांगलं केलं की त्याच्यासमोर त्यात गाठ मारायची. मुंबईहून मोठे डॉक्टर आले तेव्हा मॅडमनी त्यांना माझं रजिस्टर नाही, तो गाठींचा मळका दोरा दाखवला. डॉक्टरांनी तो चष्मा सरकवून पाहिला. मी माझं रजिस्टर मांडीवर धरून बसले होते.

पण खरी ठिणगी घंटेवरून पडली.

मॅडमचं मत होतं की मिलिंदला तासभर सलग बसवणं शक्य नाही, त्याला मधून मधून उठायला कारण द्यावं. कारण कोणतं, ते कामठीवालीने शोधलं. मला न विचारता ती एक दिवस शाळेत गेली, शिपायाशी बोलली, मग मुख्याध्यापकांशी. ठरलं असं की मिलिंद पहिल्या बाकावर बसेल आणि तास संपला की शिपायासोबत जाऊन घंटा वाजवेल. त्याला तासभर त्या घंटेची वाट बघायची, म्हणून तो बसेल.

आणि तो बसला. तीन आठवड्यांत शाळेतून एकही चिठ्ठी आली नाही. तो घरी येऊन ताटावर चमच्याने दाखवायचा, मधल्या सुट्टीची कशी आणि शाळा सुटायची कशी. सासूबाईंनी लुगड्याची पट्टी धुऊन भांडी पुसायला घेतली.

मी ते सहन करू शकले नाही. आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण तसंच होतं. माझ्या बापाने पाठीवर पोती वाहिली ती अशासाठी की घरातलं कोणी पुन्हा कोणाच्या हाताखाली उभं राहू नये. आणि पदवीधर आईचा मुलगा शाळेत शिपायाची घंटा वाजवत होता. शेजारची एक बाई म्हणालीसुद्धा, "तुमचा मिलिंद आत्तापासूनच नोकरीले लागला का?" बरं, ही घंटा दुसऱ्या कोणी आणली असती तर कदाचित मी गिळली असती. ती तिने आणली होती. मिलिंद झोपेतसुद्धा तिचं नाव घेत होता. एकदा मी त्याला दप्तर भरायला सांगितलं, अगदी एकच सांगितलं, आणि थांबले, तर तो म्हणाला, "तू मावशीसारखं नाही थांबत. तू रागात थांबतेस."

म्हणून मी रजिस्टर भरलं. खोटं. एका रविवारी दुपारी बसून महिन्याभराचं. 'चाळीस मिनिटे एका जागी बसून शुद्धलेखन.' 'न सांगता हात धुतले.' 'स्वतःहून गृहपाठ.' खोट्या नोंदी भरणाऱ्या कारकुनांना मी कचेरीत तोंडावर बोलत असे, आणि माझा हात कुठे अडखळला नाही. मॅडमनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. सगळ्या बायांपेक्षा माझा मुलगा पुढे. मी म्हटलं, आता घंटेची गरज नाही असं मला वाटतं. मॅडमनी विश्वास ठेवला आणि शाळेला तसं पत्र दिलं. कामठीवालीने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुतात घातली.

पत्र पोचलं, घंटा बंद झाली. पाचव्या दिवशी मिलिंद तास चालू असताना खिडकीतून उडी मारून घंटेकडे पळाला. शिपायाने अडवलं तर त्याच्या हाताला चावला. मग वर्गात आणून बसवल्यावर एका मुलीची पाटी फोडली. मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली. सोमवारी येऊन दाखला घेऊन जावा. सहामाहीला अजून दहा दिवस होते.

शनिवारी मी चिठ्ठी घेऊन वर्गात गेले. मॅडम गोंधळल्या. रजिस्टर पुढे ओढून पानं उलटत म्हणाल्या, "पण इथे तर इतकी प्रगती दिसतेय. मग शाळेतच काय बिघडलं?" त्या शाळेवर रागावल्या होत्या. गप्प राहिले असते तर दोष शाळेवर गेला असता, हे मला दिसत होतं.

कामठीवालीने हात पुढे केला. "पाहू."

तिला वाचता येत नव्हतं. तिने पानांवरून बोट फिरवलं. एक पान उजेडात धरलं, कोपरे चाचपले. मग रजिस्टर मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "याले हळद नाही लागली वं. पानी नाही सांडलं. एवढं भिंगरीवानी पोट्टं, आन् त्यानं महिनाभरात एक कोपरा नाही फाडला? हा कागद घरात राहिलाच नाही." मग मॅडमकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मले अक्षर येत नाही मॅडम. काय लिहिलं हाये ते बाईच सांगन."

आणि थांबली. पेरं मोजत.

मी सांगितलं. दहा बायांसमोर आणि दोन नवऱ्यांसमोर. कधी लिहिलं, का लिहिलं, घंटेची लाज वाटली हेही. फक्त तिचा हेवा वाटला, एवढं सोडून सगळं. कोणीतरी मागे हसलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या काही बोलणार एवढ्यात कामठीवाली म्हणाली, "म्या मागच्या महिन्यात माह्या पोट्ट्याले लाटन्यानं हानलं. त्या दिवशी बी दोऱ्यात गाठ मारली. सोळा वर्साचा हाये, लाटनं धरून उभा राहिला, रडला नाही. दोरा बी खोटं बोलते."

मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिलेला तोच दोरा. खोलीत कोणी हसेना. मग एकेक बाई आपापलं सांगू लागली, कोणी पोराला कोंडलं, कोणी उपाशी ठेवलं. मॅडम नंतर म्हणाल्या की खरा वर्ग त्या शनिवारी सुरू झाला. मी मात्र घरी जाताना धुमसत होते. उभं राहून चारचौघांत कबूल करणं हे आयुष्यात मी केलेलं सर्वात अवघड काम, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर तिचं लाटणं. माझी लाजसुद्धा तिने माझ्यापाशी राहू दिली नाही.

सोमवारी ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. कामठीची पहिली बस धरून आली होती. मला वाटलं, आता ही आत जाईल, मुख्याध्यापकांना एका वाक्यात गुंडाळेल आणि माझ्या पोराचा दाखला थांबवेल. तिने मिलिंदचा हात धरला आणि व्हरांड्यात फरशीवर बसली.

"तुम्ही आत येत नाही, मावशी?"

"मी कोन त्याची? आई तू हायेस. जा. अन् तिथं निबंध नोको सांगू."

मी आत गेले. मनात अर्जासारखं सगळं तयार होतं. विषय, संदर्भ, विनंती, आम्ही किती कष्टाने शिकलो, मुलाचा आजार, मॅडमचं प्रमाणपत्र. मुख्याध्यापक दाखल्यावर सही करत होते. मी म्हटलं, "सर, घंटा बंद करायला मी लावली. ती माझी चूक. त्याला घंटा परत द्या."

आणि थांबले. पदराखाली अंगठ्याने पेरं मोजू लागले. पंखा फिरत होता. मला तोंड उघडून बाकीचं सगळं ओतावंसं वाटत होतं, जिभेच्या टोकावर होतं. एका हाताची पेरं संपली, दुसऱ्या हातावर गेले. त्यांनी पेन खाली ठेवलं, शिपायाला हाक मारली आणि विचारलं, "काय रे, हा पोरगा चावला तुला. घंटेला परत घेशील का?"

शिपाई म्हणाला, "घेतो नं सर. वेळेवर वाजवत होता. माह्याकडून तं दोन मिनिटं इकडची तिकडं होते."

वार्षिक परीक्षेपर्यंत मुदत मिळाली. मी बाहेर आले तेव्हा मिलिंद तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, आणि मला जो आनंद व्हायचा होता तो निम्माच झाला.

त्या दिवशी ती पहिल्यांदा आमच्या घरी आली. मी तांब्याभर पाणी पुढे केलं आणि बघत राहिले. आमच्या घरचं पाणी न पिणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. "तहान नाही," एवढंच म्हणतात. खरं सांगायचं तर तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं. मग तिचा राग करायला मला एक चांगलं, स्वच्छ कारण मिळालं असतं. तिने तांब्या वर धरून गटागटा रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून दे वं. बसमधी धूळ लय." सासूबाईंनी तिला भाकरी खायला बसवलं. तेही कारण गेलं.

सुट्टीच्या दुपारी मिलिंदला मी गोष्ट वाचून दाखवत असे, तशी त्या दिवशी रजा होती म्हणून दाखवली. दहा मिनिटं, मग त्याने अंगणाला एक फेरी मारायची, मग पुन्हा दहा मिनिटं. ही पद्धत माझी होती. वर्गात कोणी शिकवली नव्हती, आणि मी कोणाला सांगितलीही नव्हती. ती भाकरी हातात धरून ऐकत राहिली. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "माहा पोट्टा दुसरीतून शाळेबाहेर निघाला. म्या त्याले लय मारलं तवा. मले सांगनारं कोनी नोतं, अन् असं वाचून दाखवाले मले येत नाही. मी जळतो वं तुह्यावर, बीए बाई."

तिने ते भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, आज ऊन लय हाये म्हणावं तसं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की मीही. दोन शब्दांचं काम होतं. मी उठून तिच्या पानात पिठलं वाढलं.

त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं तो वर्ग चालला. मी एक शनिवार चुकवला नाही आणि तिच्यावर जळणंही सोडलं नाही; त्या दोन्हीची सवय झाली. कामठीत पॉवरलूम वाढले, हातमाग बसले. तिच्या मुलाला उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत काम मिळालं, चालायचं, ओढायचं, एका जागी न बसायचं काम, आणि ते त्याला मानवलं. ती त्याच्याकडे राहायला गेली. शेवटच्या शनिवारी मॅडमनी तिला लुगडं देऊन निरोप दिला. मी गेले नाही. कचेरीत तपासणी आहे असं सांगितलं. तपासणी मंगळवारी होती. मिलिंदचे बाबा त्याला घेऊन गेले आणि परत आल्यावर दोघंही जेवले नाहीत.

पुढे मॅडमचीही बदली झाली. त्या जाताना म्हणाल्या, "वर्ग तुम्ही सांभाळा." मी त्यांना विचारलं, "मावशी असत्या तर मला सांगितलं असतंत का?" त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "नाही." तरी मी सांभाळला, अजूनही सांभाळते. नवी आई येते, पोर खोलीत धुमाकूळ घालतं, मी सतरंजीवर सरकून त्याच्या वाटेत बसते. पोर ऐकतं तेव्हा मी आईकडे बघत नाही. तिच्या तोंडावर काय असणार ते मला माहीत आहे.

दहावीचा दुसऱ्या खेपेचा निकाल लागला त्या दिवशी मी कचेरीतून लवकर आले, पेढे आणून ठेवले. मिलिंद शाळेतून बारालाच निघाला होता. चार वाजले, सहा वाजले. माझा जीव पुन्हा ट्रकखाली गेला. साडेसातला तो आला, अंगभर एसटीची धूळ.

"कुठे होतास?"

"उमरेडले गेल्तो."

मी पेढ्यांचा डबा उघडला नाही. थोड्या वेळाने विचारलं, "मग? काय म्हणाली?"

"काही नाही. मार्कशीट उलटी धरली होती तिने. मी सुलटी करून दिली. मग इकडून तिकडून हात फिरवला, अन् पोटाशी धरून बसली. खोकला लय झाला तिले."

त्याच हिवाळ्यात ती गेली. आम्हाला महिन्याने कळलं. मिलिंदच्या बाबांनी मला विचारलं की उमरेडला जाऊन येऊ का, आणि या वेळी मी कोणतीही तपासणी सांगितली नाही. तिचा मुलगा आम्हाला दाराशीच भेटला. बोलताना तीनदा उठला, तीनदा बसला, चहा सांडला. मिलिंदने खाली बसून फरशी पुसली. मी त्या मुलाला सांगितलं की तुझ्या आईचा मला फार हेवा वाटत होता. तो म्हणाला, "तिले माहीत होतं नं." आणि चौथ्यांदा उठला.

मिलिंद त्याच शाळेत दहावीपर्यंत टिकला आणि पास झाला. गणित दुसऱ्या खेपेला सुटलं, श्रेणी तिसरी आली. माझ्यानंतर आमच्या घरातला तो दुसरा मॅट्रिक.